थँक्सगिव्हिंगला लहान मुलांबरोबर घरी काय बनवायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा लेक दोन वर्षांची होती आणि थँक्सगिव्हिंग म्हणजे चार दिवस सुट्टी, दुकानांत सेल आणि शेजारी टर्की भाजतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग ती प्रीस्कूलला जायला लागली आणि नोव्हेंबर उजाडल्याबरोबर विचारायला लागली, आई आपण टर्की कधी करायचा, खायचा नाही गं, कागदाचा. त्या वर्षी मी सगळं बुधवारी रात्री करायला घेतलं. बाहेरची पानं ओली होऊन काळी पडलेली, घरातला डिंक वाळलेला, लेक पेंगुळलेली. तिने एक डोळा चिकटवला आणि ती झोपली, बाकी टर्की मीच पूर्ण केला, आणि सकाळी ती त्याच्याकडे बघून म्हणाली हा माझा नाहीये. ते वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे.

आता ती सात वर्षांची आहे, धाकटा अडीच वर्षांचा, आणि दरवर्षी काही ना काही करत करत आमचं एक तंत्र बसलंय. नवीन आलेल्या मैत्रिणी ऑक्टोबरच्या शेवटी विचारतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते. माझं म्हणणं एकच आहे, वस्तू अशी निवडा की ज्यात मुलाचा हात दिसेल आणि जी गुरुवारी जेवणाच्या टेबलावर खरंच वापरली जाईल. तयार किट आणून चिकटवलेल्या चकचकीत टर्कीपेक्षा मुलाने वेडेवाकडे ठसे मारलेला कागद ताटाखाली असला की ते मूल दिवसभर त्याच्याभोवती फिरतं, हे मी चार वर्षं बघतेय.

१. आधी कॅलेंडर बघा

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, १९४१ पासून तसा कायदाच आहे. शेवटचा गुरुवार असं धरू नका, कारण काही वर्षी नोव्हेंबरात पाच गुरुवार येतात आणि मग हिशेब एक आठवडा चुकतो. २०२३ मध्ये असंच होतं, थँक्सगिव्हिंग २३ तारखेला आणि त्यानंतर ३० ला अजून एक गुरुवार. म्हणजे तारीख २२ ते २८ च्या मध्ये कुठेतरी. कॅनडात असाल तर तुमचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतं, त्यामुळे खालचं सगळं सप्टेंबरच्या शेवटाकडे सरकवा.

आपल्या घरांत अजून एक गोष्ट होते, दिवाळी. ती कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात, आणि फराळ, किल्ला, कंदील करून आपण इतके दमलेलो असतो की पुढचे दोन आठवडे कागद-कात्री बघवत नाही. म्हणून मी दिवाळीचा कंदील करतानाच उरलेला पिवळा, नारिंगी, लाल कागद एका पिशवीत बाजूला ठेवते, रंग तेच लागतात.

आठवड्याला एक वस्तू, एवढंच धरा. अडीच-तीन वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटं बसतं, पाच-सहा वर्षांचं अर्धा-पाऊण तास. त्याच्यावर ताणायला गेलात की रडारड होते आणि मग मुलाला त्या वस्तूचाच राग येतो.

२. सामान

सगळं डॉलर स्टोअरमध्ये नाहीतर ग्रोसरीच्या दुकानातच मिळतं, खास क्राफ्टच्या दुकानात जायची गरज मला तरी फार पडली नाही.

- कन्स्ट्रक्शन पेपर, लाल नारिंगी पिवळा तपकिरी, आणि थोडा जाड पांढरा कार्डस्टॉक
- धुऊन निघणारा रंग, डब्यावर वॉशेबल असं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्या
- वॉशेबल मार्कर आणि साधे क्रेयॉन
- ग्लू स्टिक, आणि पातळ पांढरा ग्लू एक बाटली
- बोथट टोकाची मुलांची कात्री, तुमची स्वतःची कात्री वेगळी
- तपकिरी कागदी लंच बॅग, पांढरे कॉफी फिल्टर, वॅक्स पेपर
- ब्राऊन क्राफ्ट पेपरचा एक रोल (टेबलावर अंथरायला, हा जरूर आणा)
- दोरा, पंच, मास्किंग टेप
- घरात येणाऱ्या पार्सलमधला बबल रॅप, फेकू नका
- भेंडी, चार-पाच, जून असली तरी चालेल

रंग आणि ग्लू घेताना पाकिटावर एपी असा छोटा गोल शिक्का असतो तो बघा, म्हणजे तो माल विषारी नाही असं तपासलेलं असतं. लहान मुलं रंगाचा हात तोंडात घालतातच.

आणि एक इशारा, तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर हलणारे प्लॅस्टिकचे डोळे, मणी, पॉमपॉम, मक्याचे सुटे दाणे यातलं काही आणू नका. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते, हा घरच्या घरी करायचा सोपा अंदाज आहे. दाणे तर नाकात, कानात पण जातात. डोळे काळ्या मार्करने काढा, मुलांना त्याने काहीच फरक पडत नाही.

डिंक संपला तर आपली मैद्याची खळ आहेच. ३ मोठे चमचे मैदा १ कप पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, दाटसर चकाकी आली की उतरवायचं. आम्ही लहानपणी कंदील आणि पतंग ह्याच खळीवर केले. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, नंतर वास यायला लागतो, टाकून द्या.

३. आदल्या रात्रीची तयारी, ही चुकवू नका

कापायचं अवघड काम मुलं झोपल्यावर उरकून ठेवा. पानांचे आकार, कणसाचे आकार, पट्ट्या, सगळं एका ताटात. तुम्ही कापत बसलात आणि मूल वाट बघत बसलं की तिथेच त्याचं लक्ष उडतं. पण सगळं कापू नका, पाच वर्षांच्या मुलीला कापायलाच आवडतं, तिच्यासाठी सरळ रेषेचे तुकडे राखून ठेवा.

टेबलावर क्राफ्ट पेपर अंथरून कडा टेपने चिकटवा. ओला नॅपकिन हाताशी, रंग बशीत अगदी थोडा, एका वेळी दोनच रंग. पाच रंग एकदम दिले की पाच मिनिटांत सगळ्याचा मिळून चिखली रंग होतो. आणि वाळत घालायची जागा आधीच ठरवा, आमच्याकडे कपडे वाळवायचा स्टँड, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं कारण सात ओले कागद हातात घेऊन उभं राहायला लागतं.

४. पानं गोळा करा, पण ऑक्टोबरातच

आमच्या बाजूला पानं रंगाला येतात ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात झाडं बोडकी आणि खाली जे पडलेलं असतं ते भिजून काळं. म्हणून रंग असतानाच एका कोरड्या दुपारी पिशवी घेऊन निघायचं. मेपलची लाल, ओकची तपकिरी, स्वीटगमची चांदणीसारखी. मुलगी विचारते हिरवं कुठे गेलं, तर तिला सांगते की थंडी आली की पान हिरवा रंग बनवायचं थांबवतं आणि आत लपलेला पिवळा दिसायला लागतो, लाल मात्र तेव्हा नव्याने बनतो. तिला हे इतकं आवडलं की ती आता रस्त्यावर लोकांना सांगते.

इथे एक मोठा धोका आहे आणि भारतातून नवीन आलेल्यांना तो माहीतच नसतो. पॉयझन आयव्ही नावाची वेल इकडे सगळीकडे असते, झाडांच्या बुंध्यावर, कुंपणावर, पायवाटेच्या कडेला, आणि फॉलमध्ये तिची पानं सुंदर लाल होतात, मूल पहिलं तिकडेच धावणार. तिची ओळख म्हणजे एका देठावर तीन पानं, मधल्याचा देठ जरा लांब. हात लागला तर त्यातल्या तेलाने अंगावर फोड आणि भयंकर खाज, आणि वाळलेल्या पानावरही ते तेल टिकून असतं. नियम एकच ठेवा, वेलीचं काही तोडायचं नाही, जमिनीवर सुटं पडलेलं, ओळखीच्या झाडाचं एकेक पानच उचलायचं. शंका आली तर साबणाने लगेच हात धुवा आणि कपडेही धुवायला टाका.

घरी आणल्यावर पानं पुसून वर्तमानपत्राच्या दोन थरांत घाला आणि वर जाड पुस्तकं ठेवा, आठवडाभर. नुसती टोपलीत ठेवली तर दोन दिवसांत गुंडाळतात.

त्या पानांचे दोन प्रकार होतात. एक, पानावर कागद ठेवून क्रेयॉन आडवा घासायचा, शिरा उमटतात. पानाची शिरांची, म्हणजे मागची बाजू वर हवी आणि क्रेयॉनचा कागद सोलून काढायचा, बस. हे अडीच वर्षांच्यालाही जमतं फक्त पान खाली टेपने चिकटवून द्या नाहीतर सरकतं आणि तो चिडतो.

दुसरा, वॅक्स पेपरमध्ये पानं बंद करायची. दोन कागदांच्या मध्ये पानं मांडायची, हे मांडायचं काम मुलाचं, वर एक पातळ सुती फडकं घालून मध्यम गरम इस्त्री फिरवायची, वाफ बंद, हे काम फक्त तुमचं. मेण वितळून दोन्ही कागद चिकटतात आणि खिडकीला लावलं की काचेच्या चित्रासारखं दिसतं. लक्षात ठेवा वॅक्स पेपरच पाहिजे, पार्चमेंट पेपर नको. दोन्हीचे खोके दुकानात शेजारीशेजारी असतात आणि सारखेच दिसतात, पण पार्चमेंटला मेण नसतं, तुम्ही अर्धा तास इस्त्री फिरवली तरी तो चिकटणार नाही. मी हे करून बसलेय. ही पानं दोऱ्यात ओवून आम्ही दाराला तोरण करतो, दसऱ्याचं तोरण उतरवलं की त्याच खिळ्यांवर हे चढतं.

५. हाताच्या ठशाचा टर्की

इथल्या प्रत्येक घरात फ्रीजवर हा दिसतो. अंगठा म्हणजे टर्कीची मान आणि डोकं, चार बोटं म्हणजे पिसारा. सोपा आहे, पण नीट उमटायला काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

हात रंगात बुडवू नका. बुडवला की रंग जाड बसतो आणि कागदावर नुसता डाग पडतो, बोटं वेगळी दिसतच नाहीत. ब्रशने नाहीतर स्पंजच्या तुकड्याने लावा, तळवा आणि अंगठा तपकिरी, चार बोटांना चार रंग. मुलांना ब्रशच्या गुदगुल्या होतात आणि ती मूठ मिटतात, तेव्हा आधीच सांगा की आता गुदगुल्या होणार आहेत आणि मोठ्या मुलाकडून धाकट्याला रंग लावून घ्या, आमच्याकडे तरी तो आईला नाही म्हणतो पण ताईला नाही म्हणत नाही.

मग बोटं फाकवून हात सरळ खाली ठेवायचा, तुम्ही वरून एकेक बोट हलकं दाबायचं, आणि हात सरळ वर उचलायचा. घासायचा नाही, फिरवायचा नाही. पहिला ठसा नेहमी जरा जाड येतो, रद्दी कागदावर घ्या आणि तोच हात लगेच दुसऱ्यांदा चांगल्या कागदावर, हा दुसरा छान येतो. वाळल्यावर मार्करने डोळा, चोच, चोचीखाली लोंबणारं लाल आणि दोन पाय.

ज्या मुलाला हाताला ओलं लागलेलं सहन होत नाही, अशी मुलं असतात आणि त्यात काही चुकीचं नाही, त्याचा हात कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवा आणि आत त्याला रंगवू द्या.

मागे नाव, वर्ष आणि वय लिहा. हे अगदी तेव्हाच्या तेव्हा. मला वाटलं होतं लक्षात राहील, आता दोन ठसे आहेत माझ्याकडे आणि कुठला कुणाचा सांगता येत नाही.

६. थँकफुल ट्री, म्हणजे आभाराचं झाड

हे माझं सगळ्यात लाडकं, आणि ह्यात हस्तकला सगळ्यात कमी आहे.

अंगणातल्या किंवा पार्कमध्ये खाली पडलेल्या दोन-तीन सुक्या फांद्या आणायच्या, काचेच्या बरणीत खडे किंवा तांदूळ भरून त्यात रोवायच्या. बरणी जड हवी नाहीतर फांदी कलंडते. कागदाची पंचवीस-तीस पानं कापून त्यांना पंचने भोक आणि दोरा. १ नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी एकेक पान लिहायचं आणि अडकवायचं.

अडचण येते ती प्रश्नात. तीन वर्षांच्या मुलाला तू कशासाठी थँकफुल आहेस असं विचारलंत तर तो एकतर गप्प बसतो नाहीतर रोज टॉईज म्हणतो. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते अवघड जातं, घरातल्या माणसाला आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, माझ्या आजीला थँक्यू म्हटलं तर ती म्हणायची मी काय परकी आहे का. म्हणून मी प्रश्न बदलले. आज तुला कोणी मदत केली? आज कोण तुझ्याशी खेळलं? आज काय खाल्लेलं आवडलं? मग भराभर उत्तरं येतात. बसवाल्या काकांनी थांबून घेतलं. बाबाने बुटाची गाठ सोडवली. आज्जीने फोनवर गोष्ट दोनदा सांगितली. वरण.

मुलाने जे म्हटलं तेच लिहा, त्याच्याच शब्दांत. आपल्याला सुधारायचा मोह होतो, आई-बाबांसाठी आभारी आहे वगैरे लिहायचा. नका करू. वरण म्हणाला तर वरणच. आणि आम्ही हे मराठीत, देवनागरीत लिहितो, लेक आता स्वतः लिहिते आणि तिच्या मराठी लिहिण्याची वर्षभरातली सगळ्यात आनंदाची सवय हीच आहे.

दुसरं, भारतातल्या लोकांना ह्यात घ्या. आम्ही फॅमिली ग्रुपवर आठवड्याने एकदा टाकतो की तुमचं पान पाठवा, आणि सासूबाई, माझे बाबा, दीर असे सगळे एकेक ओळ पाठवतात, ती मुलं पानावर उतरवतात. नोव्हेंबरात घड्याळ मागे गेल्यावर आपल्या ईस्ट कोस्टमध्ये आणि भारतात साडेदहा तासांचं अंतर होतं, तेव्हा आपली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, त्या वेळेत फोनवर झाड दाखवता येतं.

७. मक्याचं कणीस

पटकन होतं. पिवळ्या कागदाचं कणसाच्या आकाराचं लांबट तुकडं कापा, बबल रॅप रोलिंग पिनला किंवा मुलाच्या हाताएवढ्या पुठ्ठ्याला गुंडाळून त्याला पिवळा-नारिंगी-तपकिरी रंग लावा आणि ठसे मारा, हुबेहूब दाणे उमटतात. दुकानात ह्या दिवसांत रंगीबेरंगी फ्लिंट कॉर्नची कणसं टांगलेली असतात ती मुलाला आधी दाखवा, म्हणजे लाल-जांभळा दाणा का करायचा ते कळतं. लंच बॅगचा कागद चुरगाळून, परत सरळ करून पानं कापा आणि दोन्ही बाजूंनी चिकटवा. चुरगाळायचं काम धाकट्याला द्या. तीन कणसं एकत्र बांधून दाराला.

८. कॉफी फिल्टरची पानं

पांढरा, गोल बुडाचा फिल्टर सपाट करून त्यावर वॉशेबल मार्करने रेघोट्या, कशाही. खाली ताट ठेवा. मग पाण्याच्या स्प्रेने भिजवायचं, रंग पसरत एकमेकांत जातात आणि मुलं अगदी गप्प होऊन बघतात. पर्मनंट मार्करने हे होत नाही, तो पाण्यात पसरतच नाही, आणि तपकिरी फिल्टरवर रंग दिसत नाहीत. हिरवा आणि लाल शेजारी देऊ नका, मातकट होतं. रात्रभर वाळवून पानाचे आकार कापायचे. उरलेल्या एका फिल्टरवर काळ्या मार्करचा जाड ठिपका देऊन भिजवून बघा, बहुतेक काळ्यांतून निळा-जांभळा-लाल वेगळे होताना दिसतात.

९. भेंडीचे ठसे, पूर्ण टेबलासाठी

हे मी शाळेतल्या चित्रकलेच्या तासावरून उचललं. भेंडीचं आडवं कापलेलं टोक रंगात बुडवून ठसा मारला की पाच पाकळ्यांचं फूल येतं, आपल्यापैकी बहुतेकांनी तिसरी-चौथीत केलेलं असेल. इथल्या लोकांना ते माहीत नसतं, शेजारच्या बाई दोन मिनिटं बघतच राहिल्या होत्या.

क्राफ्ट पेपरचा रोल जेवणाच्या टेबलाच्या लांबीएवढा कापा, जमिनीवर अंथरा, चारी कोपरे टेपने चिकटवा आणि मुलांना ठसे मारू द्या. भेंडी देठाकडून दोन इंच ठेवून कापायची म्हणजे धरायला मूठ मिळते, आणि कापलेली बाजू पेपर टॉवेलने टिपून घ्यायची, नाहीतर चिकट पाण्यामुळे रंग धरत नाही. हेच सेलरीच्या जुडीचं बूड कापून केलं तर गुलाबासारखा ठसा येतो. बटाट्यात पानाच्या आकाराचा ठसा कोरायचा असेल तर तो तुम्ही कोरा.

हा कागद गुरुवारी टेबलक्लॉथ म्हणून अंथरायचा. ताटांच्या जागी मुलांना पाहुण्यांची नावं लिहायला सांगा म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या वेगळ्या करायला नकोत. रंग पुरता वाळलेला हवा, म्हणजे निदान दोन दिवस आधी करा, आणि गरम भांडी ठेवायच्या जागा मोकळ्या सोडा.

१०. पिसांचा मुकुट करू नका

हे जरा सविस्तर सांगते. तुम्ही टर्की क्राफ्ट शोधायला बसलात की त्याच्याबरोबर कागदी पिसांची पट्टी डोक्याला बांधून इंडियन, म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, बनायचं क्राफ्ट हमखास दिसतं. माझी लेक चार वर्षांची असताना तेच करून घरी आली होती आणि आम्ही फोटोही काढले, आम्हाला काहीच कल्पना नव्हती. पुढच्या वर्षी लायब्ररीत एका गोष्टीच्या तासाला मी सहज बसले होते, तिथे कळलं.

१६२१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथला आलेल्या इंग्रज लोकांचं पहिलं पीक हाताशी आलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांच्यातली जवळजवळ निम्मी माणसं गेली होती. मका लावायला त्यांना तिथल्याच माणसाने, टिस्क्वांटमने शिकवलं. त्या कापणीच्या वेळच्या जेवणाला तिथल्याच वांपानोआग जमातीचे प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आले, पाच हरणं आणली, तीन दिवस सगळे एकत्र होते. मोठ्या पिसांचे ते शिरोभूषण लकोटासारख्या पार दूरच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचं, आणि तेही मानाने मिळवायचं. म्हणजे वांपानोआग म्हणून तो मुकुट चुकीचाच, आणि ज्यांचं आहे त्यांच्यासाठी तो खेळ नाही. आपल्या देवळातलं काही कुणी कागदाचं करून मुलांना नाचायला दिलं तर आपल्याला कसं वाटेल, तसंच.

आणि ती गोष्ट तिथे संपली नाही. पुढे लढाया झाल्या, जमिनी गेल्या. १९७० पासून प्लिमथलाच थँक्सगिव्हिंगच्या दिवशी नेटिव्ह लोक जमतात आणि तो दिवस शोकाचा म्हणून पाळतात. वांपानोआग लोक आजही तिथेच आहेत, मॅशपी आणि ॲक्विना इथे. तीन-चार वर्षांच्या मुलाला लढाया सांगायची गरज नाही, मी एवढंच सांगते की इथे आपल्या आधीपासून राहणारी माणसं आहेत, मका लावायला त्यांनी शिकवलं, आणि ती अजून आहेत. लेक सहाची झाल्यावर तिने विचारलं की मग त्यांची जमीन परत दिली का, तेव्हा बसून खरं सांगितलं.

मग त्या जागी काय करायचं? मक्याचं कणीस करताना हीच गोष्ट सांगा. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची नेटिव्ह लोकांची पद्धत आहे, थ्री सिस्टर्स म्हणतात त्याला, मक्यावर घेवड्याचा वेल चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकतात, तण वाढत नाही. मुलांना ह्याचं चित्र काढायला, कातरकाम करायला खूप आवडतं, आणि आजोबा गावाकडे शेतात काय काय एकत्र लावायचे ते विचारायला निमित्त मिळतं. शाळेतून मुकुट आलाच तर मुलावर रागवू नका, त्याने प्रेमाने केलेला असतो. शिक्षकांना नंतर शांतपणे एक ईमेल लिहा, आम्ही लिहिली तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं.

११. गुरुवारचा दिवस

सकाळी न्यूयॉर्कची परेड टीव्हीवर लागते, १९२४ ला सुरू झालेली, मोठमोठे फुगे असतात. ती चालू असताना मुलांना झाडाची उरलेली पानं लिहायला बसवा, त्या वेळेत तुमचं स्वयंपाकघर मोकळं मिळतं. क्राफ्ट पेपर अंथरायचं, झाड मध्ये ठेवायचं काम त्यांच्याकडेच द्या. मेणबत्ती पेटवणार असाल तर सुक्या फांद्या आणि कागदाच्या पानांपासून लांब, शक्यतो बॅटरीचीच ठेवा. जेवायच्या आधी प्रत्येकाने झाडावरचं एकेक पान काढून वाचायचं, कुणाचंही येऊ दे. आमच्याकडे टर्की नसतो, छोले आणि मसालेभात असतो, त्याने काही अडत नाही.

आणि एक शेवटची वस्तू, जमलं तर पहिल्याच वर्षी सुरू करा. एक पांढरी सुती चादर किंवा टेबलक्लॉथ घ्या, आधी एकदा धुऊन वाळवलेला, नवीन कापडाला खळ असते आणि त्यावर रंग बसत नाही. जेवणं झाल्यावर, भांडी उचलल्यावर, कापडाच्या रंगाने दोन्ही मुलांच्या हातांचे ठसे कोपऱ्यात घ्या. हा रंग साध्या मुलांच्या रंगासारखा धुऊन निघत नाही, म्हणून मुलांना जुने कपडे घाला आणि ठसा झाल्याबरोबर हात धुवा. पाहुण्यांचे हात कापडावरच्या मार्करने नुसते गिरवा, शेजारी नाव आणि वर्ष. माझी आई एका वर्षी सहा महिने इथे होती, तिचा हात आमच्या चादरीवर मधोमध आहे, बांगड्यांसकट गिरवलेला, आणि धाकटा अजून दरवर्षी त्यात आपला हात ठेवून किती मोठा झालो ते बघतो.

रंग पूर्ण वाळू द्या, बाटलीवर किती तास ते लिहिलेलं असतं, मग उलट्या बाजूने इस्त्री करा म्हणजे तो पक्का होतो. पहिली दोन-तीन धुणी गार पाण्यात, उलटं करून, बाकी कपड्यांपासून वेगळी.